खुर्चीत बसलेली बाई

आमच्याकडं सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकतात, त्यामुळं संध्याकाळ मोठी असते. आई जपमाळ घेऊन बसते, मी काहीतरी वाचत असते. गेल्या हिवाळ्यात माझी भाची बेंगळुरूहून चार दिवस राहायला आली होती. तिनं मोबाईल टीव्हीला जोडला आणि बायकांच्या स्नूकरचा एक जुना सामना लावला. हिरवं टेबल, त्यावर रंगीत चेंडू, कुणी ओरडत नाही, कुणी धावत नाही. अर्धा तास झाला तरी आईची माळ हातात तशीच होती आणि नजर पडद्यावर.

"ती खुर्चीत बसलेली बाई काय करालीय?" आईनं विचारलं.

"तिची पाळी नाही, आज्जी. समोरची खेळतेय तोवर तिनं बसायचं."

"किती वेळ?"

"समोरची चुकेपर्यंत."

"मधे काही करता येत नाही?"

"काहीच नाही. उठायचं नाही, बोलायचं नाही. बघत बसायचं."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे सामायिकच की."

आम्ही दोघी हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला वाटलं, या खेळाबद्दल मी आजवर जे वाचलं त्यात हे कुणी म्हटलेलं नाही, आणि हे खरं आहे. सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं सावद्य कर्मांपासून दूर राहून, राग-द्वेष आवरून समभावानं बसणं. खुर्चीतल्या त्या बाईला राग-द्वेष टळला असेल असं मी म्हणत नाही. पण समोर आपलं नुकसान चाललेलं असताना हात बांधून, तोंड न वाकडं करता बसायचं, आणि पाळी आली की थरथर न दाखवता उठायचं, हे सगळ्यांना जमत नाही. आपल्यातल्या पुष्कळ बायकांना ते सवयीनं येतं. चांगल्या कारणासाठी येतं असं मात्र नाही.

हा लेख त्या खुर्चीबद्दल आहे. बायकांच्या स्नूकर अजिंक्यपद स्पर्धा मी गेली काही वर्षं भाचीमुळं पाहते आहे. कौतुकाचे लेख पुष्कळ येतात: 'भारताची लेक', 'रणरागिणी', 'चूल ते टेबल'. नाटकाचं किंवा कादंबरीचं परीक्षण करताना आपण जसं विचारतो की हे बांधलं कसं आहे, काय साधलं, काय निसटलं, तसं या स्पर्धांबद्दल कुणी विचारत नाही. बायका खेळतात हेच पुरेसं समजलं जातं. मला ते पुरेसं वाटत नाही.

आधी खेळ थोडक्यात. टेबल बारा फूट लांब, सहा फूट रुंद. पंधरा लाल चेंडू, सहा रंगीत, एक पांढरा. काठीनं, म्हणजे क्यूनं, फक्त पांढऱ्याला मारायचं आणि त्यानं दुसऱ्याला भोकात ढकलायचं. लाल घालवला की १ गुण, मग एक रंगीत: पिवळ्याचे २, हिरव्याचे ३, तपकिरीचे ४, निळ्याचे ५, गुलाबीचे ६, काळ्याचे ७. पुन्हा लाल, पुन्हा रंगीत. प्रत्येक लालनंतर काळा साधला आणि शेवटी सगळे रंग क्रमानं घेतले, तर एका दमात १४७. चेंडू साधत नसेल तर पांढरा अशा जागी नेऊन ठेवायचा की समोरच्याला ज्या चेंडूला लावायचं त्याची सरळ वाट दुसऱ्या चेंडूनं अडावी. यालाच स्नूकर करणं म्हणतात. चेंडू तिथंच असतो, नियमानं तो तुमचाच असतो, पण मधे कुणीतरी उभं असतं. हे समजवायला मला बायकांसमोर कधी फार वेळ लागला नाही.

खेळ जन्मला आपल्याकडंच. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत, पावसाळ्यात रिकामे बसलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांमधे. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याकडं त्याचं श्रेय जातं. 'स्नूकर' हा तेव्हा नवशिक्या कॅडेटला चिडवायचा शब्द होता. पुढं उटीच्या क्लबात नियम लागले. त्या काळी चेंडू हस्तिदंताचे असत, एका सुळ्यातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघत. हस्तिदंताला पर्याय म्हणून १८६९ च्या सुमारास अमेरिकेत हयात नावाच्या माणसानं सेल्युलॉइड काढलं, आणि पुढं राळेसारख्या कृत्रिम पदार्थांचे चेंडू सगळीकडं रूढ झाले. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिनं आधी पडद्यावरचे चेंडू कशाचे आहेत ते विचारून घेतलं आणि मगच पुढचा सामना बघितला. छावणी, क्लब, सिगार, शिकार आणि हस्तिदंत अशा घरात हा खेळ वाढला. बाई त्या घरात पाहुणी म्हणूनसुद्धा नव्हती.

तरी ती आली. १९७६ साली इंग्लंडात बायकांची पहिली मोठी खुली स्पर्धा झाली, तीच पुढं जागतिक अजिंक्यपदाची सुरुवात मानली गेली. ती जिंकली व्हेरा सेल्बी. न्यूकॅसलची, पेशानं कलेची अध्यापिका. १९८१ साली तिनं पुन्हा जिंकलं तेव्हा तिचं वय ५१ होतं. हा आकडा मी मुद्दाम लिहिते. आपल्याकडं एक्कावन्नाव्या वर्षी बाईला लोक गुडघ्यांबद्दल विचारतात.

आता माझा पहिला आक्षेप. पुरुष व्यावसायिकांच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना शेफिल्डच्या क्रुसिबल नाट्यगृहात होतो आणि तो ३५ फ्रेमचा असतो. जो आधी १८ जिंकेल तो विजेता. दोन दिवस चालतो. बायकांच्या जागतिक अजिंक्यपदाचा अंतिम सामना गेल्या काही वर्षांत ११ फ्रेमचा, म्हणजे आधी ६ जिंकेल तिचा. हौशी खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची जागतिक स्पर्धा वेगळी. नोव्हेंबर २०२५ मधे दोह्याला तिचा बायकांचा अंतिम सामना झाला तो फक्त ५ फ्रेमचा. चेन्नईच्या अनुपमा रामचंद्रननं हाँगकाँगच्या एन्ग ऑन यी हिला ३–२ नं हरवलं. शेवटची फ्रेम ६८–६०. आपल्या देशातली बाई त्या स्पर्धेत पहिल्यांदाच जिंकली, आणि मलाही डोळ्यांत पाणी आलं. पण पाणी पुसल्यावर प्रश्न राहिलाच. तीन वेळा विश्वविजेती ठरलेली खेळाडू समोर आणि दोघींना एकमेकींना ओळखायला मिळाल्या पाच फ्रेम.

तुम्ही म्हणाल, सामना लहान असला तर काय बिघडलं? बिघडतं. या खेळात पहिल्या दोन-तीन फ्रेममधे हात दिसतो, माणूस दिसत नाही. माणूस दिसतो तो आठव्या, दहाव्या फ्रेमला, जेव्हा हात थकलेला असतो, मागची चूक आठवत असते, आणि खुर्चीत बसून समोरच्याचा चाळीस मिनिटांचा खेळ बघितलेला असतो. लांब सामन्यात पडता येतं आणि उठताही येतं. लहान सामन्यात पडलं की संपलं. ३५ फ्रेमच्या सामन्यात खूप मागं पडलेला पुरुष परत आला की त्याची गोष्ट होते. बाईला गोष्ट व्हायला जागाच दिलेली नाही. तिच्या वाट्याला निकाल आला आहे.

आणि जेवढी जागा मिळाली तेवढ्यात या बायकांनी काय केलं ते बघा. २०१७ साली सिंगापूरला आपल्या कर्नाटकाची विद्या पिल्लै जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात पोचली आणि एन्ग ऑन यीकडून ५–६ नं हरली. २०२२ ला शेफिल्डमधे थायलंडच्या मिंक नुचारटनं बेल्जियमच्या वेंडी यान्सला ६–५ नं हरवलं. २०२४ ला चीनच्या बाई युलूनं त्याच मिंकला ६–५ नं. तीन अंतिम सामने शेवटच्या फ्रेमला गेले. म्हणजे दोन्हीकडं देण्यासारखं अजून शिल्लक होतं आणि वेळ संपली. कार्यक्रम रंगात आला आणि हॉलची वेळ संपली म्हणून दिवे घालवले, असं मला दर वेळी वाटतं.

दुसरी बाजूही सांगते, एकाच बाजूनं बोलणं आपल्याला शिकवलेलं नाही. टेबलाला पैसा लागतो, दिवसाला पैसा लागतो. कितीतरी खेळाडू स्वतःच्या खर्चानं येतात, नोकरीतून रजा काढून येतात. सामने लांबवले तर त्यांचाच एक दिवसाचा राहण्याचा खर्च वाढेल. भाची हेच म्हणाली. "आत्ती, तुला पस्तीस फ्रेम बघायला मजा येईल गं. हॉटेलचं बिल कोण भरणार?" ती बरोबर आहे. पण मग दोष टेबलाचा नाही की बायकांचा दम कमी आहे याचाही नाही. दोष एवढाच की बिल कुणी भरत नाही. तसं सरळ म्हणावं. 'बायकांना एवढं पुरे' असं गृहीत धरून त्यालाच पद्धत म्हणू नये. निदान अंतिम सामना तरी लांबवा. तिथं दोघीच उरलेल्या असतात आणि टेबल एकच लागतं.

या पैशाचा इतिहास वाचला की माहेर सोडून गेलेल्या लेकींची यादी वाचल्यासारखं वाटतं. ॲलिसन फिशरनं १९८५ ते १९९४ या काळात सात जागतिक किताब जिंकले आणि ती अमेरिकेला निघून गेली, पूल नावाच्या लहान टेबलाच्या खेळात. कॅरन कॉरनं तीन जिंकले, तीही गेली. केली फिशरनं पाच जिंकले, तीही गेली. तिघी तिकडं जाऊनही पहिल्या रांगेत राहिल्या. म्हणजे खोट त्यांच्या खेळात नव्हती. स्नूकर त्यांना पोसू शकलं नाही. २००४ साली तर बायकांची जागतिक स्पर्धा झालीच नाही.

मग आली रिअ‍ॅन इव्हान्स. २००५ ते २०१४ सलग दहा वर्षं तीच विजेती, नंतर २०१६ आणि २०१९. एकूण बारा. तिच्याबद्दल दोन मतं ऐकायला मिळतात. एक, तिच्यासारखी कुणी झाली नाही. दोन, मैदान रिकामं होतं. मला वाटतं दोन्ही खरी आहेत आणि दुसरं खरं असल्यानं पहिलं खोटं ठरत नाही. सगळ्या निघून गेल्यावर जी राहते, दिवा लावते, झाडलोट करते, तिच्यामुळं पुढच्या येतात. तिनं पुरुषांच्या दारावरही थापा मारल्या. २०१५ साली जागतिक स्पर्धेच्या पात्रता फेरीत माजी विश्वविजेता केन डोहर्टीसमोर ती ८–१० नं हरली. पुन्हा आकडे बघा. तो सामना लांब होता, आणि त्या लांबीत ती आठ फ्रेम जिंकू शकली.

यातच तो जुना प्रश्न येतो. या खेळात ताकद लागत नाही. पळायचं नाही, उचलायचं नाही. मग क्रुसिबलच्या मुख्य फेरीत आजवर एकही बाई का पोचली नाही? २०१४ साली स्टीव्ह डेव्हिस या सहा वेळच्या विश्वविजेत्यानं याचं उत्तर दिलं होतं. त्याच्या म्हणण्याचा अर्थ असा, की एखाद्या बिनकामाच्या गोष्टीचा वेड्यासारखा एकच ध्यास घेणं पुरुषांच्या मेंदूत जास्त असतं. त्यानं ते हिणवून म्हटलं नव्हतं, थोडं स्वतःवर हसूनच म्हटलं होतं. तरी मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगताना मला माझीच चूक सांगावी लागेल.

भाची चौदा वर्षांची असताना बेंगळुरूला स्नूकर शिकायला लागली. दोन-तीन महिन्यांनी भावाचा फोन आला. "अक्का, पोरगी रोज तीन तास तिथं असते. सगळी पोरंच. काय करू?" मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, "बुद्धिबळाला घाल की. डोकं तेच लागतं, आणि जागा तरी चांगली." मी तेव्हाही लिहीत होते. स्त्रियांच्या प्रश्नांवर भाषणं देत होते. पण स्नूकर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गावातला बसस्टँडजवळचा पार्लर आला: काळ्या काचा, दारात मोटारसायकली, आतून धूर. भावाला माझं पटलं. मी मोठी, मी शिकलेली. दोन वर्षं पोरीनं बुद्धिबळ खेळलं, मुकाट्यानं, बरं खेळलं. सतराव्या वर्षी ती स्वतःच्या हट्टानं परत टेबलाकडं गेली.

आता ती एकवीस वर्षांची आहे. राज्यपातळीवर खेळते, उपांत्यपूर्व फेरीच्या पुढं अजून गेलेली नाही. बाई युलू जागतिक अजिंक्यपद जिंकली तेव्हा वीस वर्षांची होती. भाचीला ती दोन वर्षं मिळाली असती तर ती विश्वविजेती झाली असती, असलं काही मी म्हणत नाही. पण डेव्हिस ज्याला ध्यास म्हणतो तो नुसता मेंदूत नसतो. त्याला रोजचे तीन तास लागतात, रात्री परत सोडायला कुणीतरी लागतं, आणि 'तिथं कशाला जातेस' असं न विचारणारी एक आत्या लागते. ध्यास तिच्याकडं होता. त्याच्या आणि तिच्या मधे पांढरा चेंडू मी ठेवला होता.

आणि ध्यासाचंच म्हणाल तर आपल्या समाजात त्याचा तुटवडा कधी होता? आठ-आठ दिवसांचे उपवास कोण करतं? तत्त्वार्थसूत्र तोंडपाठ कोण म्हणतं? ज्या एकाग्रतेतून कुणाला काही मिळकत होणार नाही, घरच्या कुणाची अडचण होणार नाही, ती एकाग्रता बाईत असल्याचं सगळे मान्य करतात, मिरवणूकसुद्धा काढतात. तीच एकाग्रता घराबाहेरच्या टेबलावर नेली की मग मेंदूची रचना आठवते.

इथं मला आपल्या घरातली एक जुनी चर्चा आठवते. ती इथं आणू की नको याचा मी विचार केला. कुणाची श्रद्धा दुखवायचा हेतू नाही, मी स्वतः त्याच श्रद्धेत वाढले. आपण दिगंबर. स्त्रीदेहातून मोक्ष नाही असं आपल्याकडं मानतात. आर्यिका कितीही तप करोत, त्यांचं महाव्रत उपचारानं मानायचं. श्वेतांबर मल्लिनाथांना स्त्री मानतात, आपण मानत नाही. लहानपणी मला वाटायचं वाद एवढाच, ते आणि आपण. पुढं डॉ. आ. ने. उपाध्ये यांचे लेख वाचले. ते आपल्याच जिल्ह्यातल्या सदलग्याचे. तेव्हा कळलं की याच बेळगाव-धारवाड-कोल्हापूरच्या मुलखात यापनीय नावाचा संघ शतकानुशतकं नांदत होता. त्यांचे मुनी आपल्या मुनींसारखे नग्न राहत, आणि तरी ते स्त्रीमुक्ती मानत. नवव्या शतकात, अमोघवर्षाच्या काळात, शाकटायन या त्यांच्या वैयाकरणानं त्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं.

त्याच्या युक्तिवादाचा गाभा मला समजला तो असा. बाईला मोक्ष नाही म्हणता, तर मोक्षाची जी कारणं, सम्यक् दर्शन-ज्ञान-चारित्र्य, ती तिच्यात असू शकत नाहीत असं सिद्ध करा. तिला वंदन होत नाही, तिच्याकडं सत्ता नाही, अमुक ऋद्धी तिला झालेल्या नाहीत, एवढ्यानं ते सिद्ध होत नाही. मान न मिळणं वेगळं आणि पात्रता नसणं वेगळं.

अकराशे वर्षांपूर्वीच्या त्या मुनींना स्नूकरशी काय देणंघेणं? काही नाही. पण क्रुसिबलमधे बाई पोचलेली नाही, म्हणून पोचू शकत नाही, असं कुणी म्हटलं की मला शाकटायनच आठवतात. कारणं दाखवा. हात दाखवा, डोळा दाखवा, कुठं कमी आहे ते दाखवा. मिंकनं २०१९ साली बँकॉकमधे सरावात १४७ केलेच होते. पूर्ण दम, एकही चूक नाही. टेबलाला ती बाई आहे हे कळलं नाही.

तर मग बायकांची वेगळी स्पर्धा असावी का? उपचाराचं अजिंक्यपद? मला पूर्वी वाटायचं, नसावी. ताकदीचा खेळ नाही तर भिंत कशाला? हे मी भाचीला बोलून दाखवलं तेव्हा ती क्यूला खडू लावत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्ती, वेगळी नसती तर मी पहिल्याच फेरीत हरून घरी आले असते, दर वेळी. इथं मला चौथ्या फेरीपर्यंत हरायला मिळतं."

या वाक्यानं माझं मत बदललं. हरायलाही जागा लागते. पुरुषांना ती गल्लीगल्लीत मिळते. पोरगा पार्लरमधे शंभर वेळा हरतो आणि कुणी मोजत नाही. मुलीचं हरणं मात्र लगेच मोजलं जातं, त्यावर घरात निर्णय होतात. विद्या पिल्लै, चित्रा मगिमैराज, इंदूरची अमी कामानी या सगळ्यांना आधी असं हरायला मिळालेलं आहे. चित्रा हॉकी सोडून आली. बिलियर्ड्समधे २०१२ ची विश्वविजेती उमादेवी तर सरकारी नोकरी करत तिशीनंतर या खेळात आली. वेगळी स्पर्धा नसती तर या बायका कुठं असत्या?

म्हणून माझं मत आता असं आहे. वेगळी स्पर्धा हवी, पण ती शेवटचं ठिकाण नको. २०२१ पासून बायकांच्या स्पर्धांमधून व्यावसायिक दौऱ्यावर दोन वर्षांसाठी जागा मिळू लागल्या. इव्हान्स आणि एन्ग ऑन यी पहिल्या गेल्या, मग मिंक गेली, तिच्यामागून बाकीच्या. तिथं त्या पुष्कळ हरल्या आणि त्यावर नाकं मुरडली गेली. मला वाटतं, आत्ता कुठं त्यांना मोठ्या खोलीत हरायला मिळतंय, तर दहा-वीस वर्षं हरू द्या. आणखी एक. २०१८ मधे बायकांच्या संघटनेनं आपल्या नावातला 'लेडीज' शब्द काढून 'विमेन्स' केला. काहींना ते किरकोळ वाटलं. आम्ही ज्यांनी 'लेडीज डबा', 'लेडीज सीट', 'लेडीज प्रोग्रॅम' असं आयुष्य काढलं, त्यांना विचारा किरकोळ आहे का.

भाची परत जायच्या आदल्या दिवशी भावाच्या ओळखीनं आम्ही इथल्या एका जुन्या क्लबात गेलो. माझ्या लग्नानंतरच्या वर्षांत मी तिथं जेवणाच्या कार्यक्रमांना पुष्कळदा गेले होते. बिलियर्ड्सच्या खोलीच्या दारावर तेव्हा एक पाटी होती, बायकांनी आत येऊ नये अशी. ती वाचून मला कधी राग आला नव्हता, हे आता लिहिताना जास्त लागतं. 'पेताड पुरुषांची खोली, आपल्याला काय करायची' म्हणून मी फॅमिली रूममधे जाऊन बसायची. आता पाटी नाही. तिच्या चार स्क्रूंची भोकं दारावर आहेत.

आत म्हातारा मार्कर होता. त्यानं भाचीकडं पाहिलं, तिच्या हातातल्या क्यूच्या पेटीकडं पाहिलं, आणि काही न बोलता टेबलावरचं कापड काढलं, दिवे लावले. मला भिंतीकडेची उंच खुर्ची दिली. भाची खेळायला लागली. लाल, काळा, लाल, निळा. गुण मी सांगायचे असं ठरलं होतं. सव्वीसनंतर माझा हिशेब चुकला. मार्करनं हळूच सांगितलं, "तेहतीस, बाई." मी मान डोलावली.

ती चाळीस-पंचेचाळीस मिनिटं खेळली. मधे दोनदा तिनं सोपा चेंडू चुकवला आणि माझ्याकडं बघितलं. मी काही बोलले नाही, खुर्चीतच बसून राहिले.